देव न मानता नीतीनं वागता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देव मानत नाही हे कळलं, की समोरचा माणूस साधारण तिसऱ्या वाक्याला नीतीचा विषय काढतो. कुणी काळजीनं, कुणी खोडी काढायला. तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा लिहून ठेवावीत असं वाटलं. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाही. वाचतो आणि वाद घालतो. आई अतिशय श्रद्धाळू आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा वकील घरातच असतो.

नैतिकता धर्मावर अवलंबून आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.

एवढंच सांगता येत नाही, कारण इथे चार प्रश्न एका गोणीत कोंबलेले आहेत. चांगलं-वाईट ठरतं कशामुळे? ते आपल्याला कळतं कसं? कळल्यावर तसं वागायचं बळ कुठून येतं? आणि ते पुढच्यांना शिकवतं कोण? पहिल्या दोन्ही ठिकाणी धर्माची गरज नाही, असं माझं मत आहे. तिसऱ्या ठिकाणी काहींना, काही वेळा, होते. चौथ्याबद्दल मी पूर्वी छातीठोक ‘नाही’ म्हणायचो, आता म्हणत नाही; ते पुढे येईल.

वाद भरकटतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे. ‘आमची आजी देवभीरू होती, जन्मात खोटं बोलली नाही’ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं. खोटं बोलणं मुळात वाईट का, हे त्यातून कळत नाही.

पण धर्म म्हणजेच नीती ना?

हा घोळ आपल्या भाषेनंच घालून ठेवलाय. शेजारधर्म, मित्रधर्म, राजधर्म म्हणतो तेव्हा धर्म म्हणजे कर्तव्य. ‘तुमचा धर्म कोणता?’ असं विचारलं की तोच शब्द पंथाकडे वळतो. त्यामुळे ‘धर्माशिवाय नीती शक्य आहे का?’ हा प्रश्न मराठी कानाला अर्धवट ‘कर्तव्याशिवाय कर्तव्य शक्य आहे का?’ असा ऐकू येतो, आणि उत्तर विचार करायच्या आधीच ‘छे!’ असं येतं. अन्यायाला आपण अधर्म म्हणतो, म्हणजे निकाल शब्दातच लागलेला. इथे मी धर्म हा शब्द फक्त ईश्वर, परलोक, ग्रंथ, उपासना यांवरच्या श्रद्धेसाठी वापरतोय.

त्यातही ईश्वर आणि धर्म यांची जोडी अतूट नाही. जैन आणि बौद्ध परंपरा जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, पण अहिंसेबद्दल त्यांच्याइतकं काटेकोर कोण होतं? वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या विचारवंतांनी, म्हणजे मीमांसकांनी, वेद प्रमाण मानले, पण सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराची त्यांना गरज पडली नाही. कर्माचा सिद्धान्त यांच्याकडे आहेच, म्हणजे मुनीम नसला तरी खातेवही आहे, हे मान्य. तरीही ‘देव नाही तर नीती नाही’ हे विधान नास्तिकांच्या आधी अनेक धर्मांनाच खोडावं लागेल.

देवानं सांगितलं म्हणूनच एखादी गोष्ट चांगली ठरते ना? नाहीतर ठरवणार कोण?

सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञानं एक संवाद लिहिला. त्यात त्याचा गुरू सॉक्रेटिस कोर्टाच्या कामानं आलाय आणि तिथे त्याला युथिफ्रो भेटतो. हा गृहस्थ स्वतःच्या वडिलांवर खटला भरायला निघालाय. त्यांच्या एका मजुरानं दारूच्या नशेत गुलामाला मारलं. वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि पुढे काय करायचं हे विचारायला माणूस पाठवला. निरोप परत येईपर्यंत मजूर थंडीनं आणि उपासमारीनं मेला. घरचे म्हणतात, बापावर खटला हे पाप. युथिफ्रो म्हणतो, हेच पुण्य. पुण्य म्हणजे काय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं तो सांगतो आणि सॉक्रेटिसच्या तावडीत सापडतो. सॉक्रेटिसचा प्रश्न असा: देवांना आवडतं म्हणून ते पुण्य, की ते पुण्य आहे म्हणून देवांना आवडतं?

पहिला पर्याय घेतला तर उद्या देवानं छळ करा म्हटल्यास छळ चांगला ठरेल. दुसरा घेतला तर चांगुलपणाचं माप देवाच्या आधीपासून आहे, देव फक्त ते अचूक ओळखतो. मग माणसानंही ओळखायचा प्रयत्न करायला काय हरकत आहे?

हा प्रश्न मी एकदा आईला विचारला. नावं वगळली. ती माझ्या शर्टाचं बटण लावत होती. म्हटलं, समज, तुझ्या पोथीत लिहिलं असतं की आजारी माणसाला पाणी देऊ नये, तर दिलं नसतंस? ‘असं लिहिलेलंच नसतं,’ ती म्हणाली. मी हटलो नाही. लिहिलेलं असतं तर? तिनं दोरा दातानं तोडला. ‘मग ते कुणीतरी मागाहून घुसडलं असेल. देव असं सांगणारच नाही.’

देव काय सांगणार नाही, हे तिला पोथी उघडायच्या आधीच ठाऊक होतं. कुठून? तिला विचारलं तर ती म्हणेल, देवानंच ती बुद्धी दिली. ठीक आहे. पण मग ती बुद्धी मलाही दिलेली असणार, मी त्याला मानो वा न मानो.

यावर श्रद्धाळू तत्त्वज्ञांकडे उत्तर नाही असं म्हणायचंय का?

नाही, आणि नास्तिकांनी तसा आव आणू नये. एक जुनं उत्तर असं: देवाची आज्ञा त्याच्या लहरीतून निघत नाही, स्वभावातून निघते, तो स्वभावतःच प्रेमळ आणि न्यायी आहे, त्यामुळे तो छळ सांगणं शक्यच नाही. हे उत्तर वजनदार आहे. माझी अडचण एवढीच, की त्या स्वभावाला ‘चांगला’ म्हणण्यासाठी चांगलं म्हणजे काय हे आधी कळावं लागतं.

हा वाद धर्मांच्या आतही झालाय. इस्लाममध्ये मुअतझिला पंथाचे विचारवंत म्हणत, चांगलं-वाईट बुद्धीनं कळतं. अशअरी पंथाचे म्हणत, ईश्वराच्या आज्ञेनंच ते ठरतं. ख्रिस्ती परंपरेत तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस मानत होता की नैतिक नियमांचा गाभा माणसाला स्वतःच्या विवेकातून उमगतो, त्यासाठी ग्रंथ हातात पडायची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे ‘नीतीसाठी श्रद्धा हवीच’ ही भूमिका श्रद्धाळूंचीही एकमुखी नाही.

मग एकाच ग्रंथातून माणसं उलटसुलट नीती कशी काढतात?

अमेरिकेतल्या गुलामगिरीचं उदाहरण घ्या. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी (क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. आपल्याशी कुणी असं वागलं तर चालेल का, हा त्यांचा सवाल, आणि तो थेट त्यांच्या धर्मातून आलेला. 1845 मध्ये त्याच बायबलवर हात ठेवणारे दक्षिणेतले बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती उत्तरेतल्या बांधवांपासून फुटून निघाले, कारण गुलामांचे मालक धर्मप्रसारक व्हावेत की नाही यावर पटेना. त्यांनी स्थापन केलेल्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शननं गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल माफी मागितली ती 1995 मध्ये. दीडशे वर्षांनी.

या दीडशे वर्षांत ग्रंथ तोच होता. बदललं ते वाचणाऱ्यांचं मन: कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं आणि कोणती ‘त्या काळापुरती’ म्हणून ओलांडायची. ही निवड करणारं जे काही माणसात आहे, त्यालाच मी नैतिक जाण म्हणतो. पण दुसरी बाजूही लिहायला हवी: जर्मनटाउनच्या त्या चौघांना आजूबाजूच्या सगळ्या समाजाविरुद्ध उभं राहायचं बळ त्यांच्या श्रद्धेनंच दिलं. माझ्यासारख्यांनी हे वाचून क्षणभर गप्प बसावं.

देव नसेल तर सगळंच चालेल, नाही का?

ही भीती जुनी आहे. सहिष्णुतेचा कैवारी म्हणून ज्याचं नाव घेतात त्या जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञानंही 1689 मध्ये नास्तिकांना त्यातून वगळलं: देव न मानणाऱ्याच्या शपथेला, वचनाला, कराराला अर्थ काय? त्याच्या सात वर्षं आधी पिएर बेल या फ्रेंच विचारवंतानं नेमकं उलट मांडलं होतं. माणसं आपल्या मतांप्रमाणे वागतच नाहीत, सवयी आणि वासनांप्रमाणे वागतात. तेव्हा नास्तिकांचा समाजही बाकीच्यांइतकाच बरावाईट चालेल. मला बेल जास्त पटतो. ‘मुखात राम, बगलेत सुरी’ ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांनाही हेच दिसलं असणार.

लॉकची शंका पुढे दोनशे वर्षं पुरली. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक 1880 मध्ये नॉर्थअँप्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आला. देवाची शपथ न घेता प्रतिज्ञा करू द्या म्हणाला, नकार. बरं, शपथ घेतो म्हणाला, तरी नकार: तुझी शपथ खरी कशी मानायची? मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, सभागृह त्याला बाहेर काढत राहिलं. 1886 मध्ये त्याला जागेवर बसता आलं आणि 1888 च्या कायद्यानं प्रतिज्ञेचा मार्ग सर्वांना खुला झाला. गंमत बघा. देव न मानणारा माणूस खोटी शपथ घ्यायला आधी तयारच नव्हता, म्हणून त्याला अविश्वासू ठरवलं गेलं. ज्यानं मनातलं लपवून पहिल्याच दिवशी शपथ उरकली असती, तो सहा वर्षं आधी खासदार झाला असता.

लोकांना काय वाटतं, आणि प्रत्यक्षात काय दिसतं?

वाटण्यात प्रचंड तफावत आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेनं 34 देशांत विचारलं, नीतिमान असण्यासाठी देवावर विश्वास आवश्यक आहे का? 2020 मध्ये आकडे आले. स्वीडनमध्ये 9 टक्के लोक हो म्हणाले, इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये 96 टक्के.

हा संशय किती खोल मुरलाय, ते 2017 मध्ये 13 देशांतल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं. एका क्रूर खुन्याचं वर्णन वाचायला देऊन लोकांचा अंदाज पाहिला, तर तो नास्तिक असेल असं मनात येण्याकडे कल जास्त होता. स्वतः नास्तिक असलेल्यांचाही! माझाही झाला असता, कदाचित.

प्रत्यक्ष वागण्याचं मोजमाप अवघड. 2014 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 1,252 लोकांना तीन दिवस, दिवसातून पाच वेळा फोनवर विचारलं गेलं: गेल्या तासाभरात काही चांगलं किंवा वाईट केलंत, पाहिलंत, ऐकलंत का? स्वतःच्या चांगल्या-वाईट कृतींच्या संख्येत धार्मिक आणि बिगरधार्मिक यांच्यात फरक सापडला नाही. धार्मिकांच्या भावना मात्र अधिक तीव्र होत्या. चुकलं तर लाज जास्त, चांगलं केलं तर समाधान जास्त. अर्थात हे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं, तेव्हा जरा सावधपणेच घ्यायला हवं.

नास्तिक मित्रांनी कृपया एक गोष्ट पुढे पाठवणं थांबवावं. ‘धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात’ असा 2015 चा एक अभ्यास खूप गाजला. त्यात देशांना सोयीसाठी दिलेले क्रमांक, 1, 2, 3, हिशेबात खऱ्या संख्यांसारखे वापरले गेले होते. चूक सुधारल्यावर मुख्य निष्कर्ष टिकला नाही आणि 2019 मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. मला तो फार आवडला होता. म्हणूनच त्याच्याकडे जास्त संशयानं बघायला हवं होतं.

‘देव बघतोय’ या भावनेचा काहीच उपयोग नाही?

आहे, पण ती जागी असेपर्यंत. मोरोक्कोतल्या माराकेश शहरात दुकानदारांना विचारलं, ठरावीक रक्कम स्वतःला हवी की दानाला? अजान कानावर पडत असताना दान निवडणारे वाढले. एरवी तसेच दुकानदार, तोच देव, आणि प्रमाण कमी. बाकी वेळी देव बघत नव्हता असं थोडंच आहे? आठवण पुसट झाली होती.

याहून मला जास्त लागलेला प्रयोग 1973 चा. प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण संस्थेतले विद्यार्थी, उद्याचे धर्मगुरू. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याचीच. वाटेतल्या बोळात एका दाराशी एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसवलेला. काहींना सांगितलं होतं, उशीर झालाय, पळा. काहींना, वेळ आहे. वेळ असलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी मदत केली. घाईत असलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी. काही जण त्या गोष्टीवर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले.

याचा अर्थ धर्म ढोंगी आहे असा काढू नका. नास्तिकांना त्या बोळातून पळवलं असतं तर ते थांबले असते, असं मानायला काहीही आधार नाही. मी त्यातून एवढंच घेतलं, की आपण काय मानतो याच्याइतकंच हातात किती वेळ आहे यालाही वजन असतं.

मग नैतिकता आली कुठून? उत्क्रांतीतून?

बीज तिथलं असावं. 2003 मध्ये कॅपुचिन माकडांवरच्या प्रयोगात असं दिसलं, की शेजारच्या माकडाला त्याच कामाबद्दल द्राक्ष मिळतं हे पाहिल्यावर काकडीवर खूश असणारी माकडं ती काकडी नाकारू लागली. दुसऱ्याला मदत करणारी बाहुली तान्ह्या बाळांना जास्त आवडते असं 2007 मध्ये जाहीर झालं होतं. पण अनेक प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा, 2024 मध्ये, तो कल दिसला नाही. तेव्हा बाळांना सध्या साक्षीला बोलावू नये. शिवाय एखादी प्रवृत्ती निसर्गात आहे एवढ्यानं ती योग्य ठरत नाही. टोळीबाहेरच्याचा द्वेषही निसर्गातलाच.

स्टालिन आणि पोल पॉट नास्तिकच होते ना?

सोव्हिएत रशियाचा आणि कंबोडियाचा हे दोन्ही हुकूमशहा नास्तिक होते. आणि धर्माच्या नावानं झालेल्या कत्तलींची यादी समोरून येईल. मृतदेहांची ही वजाबाकी मी करत नाही. दोन्हीकडे जिथे शंका घेणं हाच गुन्हा ठरला तिथे माणसं मेली.

धर्म सोडणाऱ्याचं काहीच जात नाही?

जातं. मघाशी बाजूला ठेवलेला चौथा प्रश्न हा. आठवड्याला किंवा रोज ठरलेल्या वेळी एकत्र जमणं, कुणी आजारी असेल तर ते चार जणांना आपोआप कळणं, स्वतःच्या चुका मोठ्यानं कबूल करायची एक जागा, लहानांना त्याच त्या गोष्टी वर्षानुवर्षं सांगणं. 2016 मध्ये जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या आठ समाजांत, 591 लोकांना घेऊन झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की आपला देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं मानणारे लोक दूरच्या, अनोळखी धर्मबांधवांशी पैसे वाटताना जास्त सरळ वागले. धर्मबांधवांशी, हे नीट वाचा; पण अनोळखीसुद्धा.

आम्ही नास्तिक वाद जिंकतो आणि घरी एकटे जातो. माझ्या मुलीला मी कारणं समजावतो: खोटं बोललं की समोरच्याचा विश्वास जातो, मारलं की त्याला दुखतं. कारणं चांगली आहेत. आई तिला गोष्टी सांगते. आठ दिवसांनी मुलीच्या लक्षात गोष्टी असतात.

तुम्हाला स्वतःला कोण अडवतं? खरं सांगा.

आपल्याकडे निर्लज्जाला म्हणतात, ‘जनाची नाही, निदान मनाची तरी बाळग.’ या म्हणीत देव कुठेच नाही. लाज दोघांचीच धरायची, लोकांची आणि स्वतःची. मी हे मोठ्या ऐटीत सांगत असे.

मग एका रात्री अकराच्या सुमाराला पार्किंगमधून गाडी मागे घेताना शेजारच्या गाडीचं दार घासलं. वीतभर ओरखडा. रखवालदार नाही, कॅमेरा नाही, जन नाही. मी उतरलो, बोटानं ओरखडा चाचपला, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून आलो. मन बिलकुल आडवं आलं नाही. ते आलं पहाटे तीनला. सकाळी सहाला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलो, तर ती जागा रिकामी.

आईला सांगितलं. वाटलं होतं, आता ही देवाला मध्ये आणणार. तिनं फक्त विचारलं, ‘गाडी कुणाची होती, कळलं का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग संध्याकाळी परत जाऊन बघ.’ दोनदा गेलो. चिठ्ठी अजून गाडीच्या कप्प्यात आहे.